मनाचा काटा

उसाच्या मुलखात राहणाऱ्याला काट्याची महती सांगावी लागत नाही. पायात मोडतो तो काटा नव्हे. साखर कारखान्याच्या फाटकाशी असतो तो, वजनाचा काटा. भरली गाडी त्याच्यावर चढते, वजन होते. तीच रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होते. आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष. आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. प्रत्येकाच्या मनात दोन शंका असतात. पहिली : हीच गाडी मागे घेऊन पुन्हा काट्यावर चढवली तर तेच वजन भरेल काय? दुसरी : जे भरते ते खरे काय?

या दोन शंका वेगळ्या आहेत हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. जो काटा दर खेपेला नेमका दोन क्विंटल कमी दाखवतो तो मोठा नेमाचा असतो. दहा वेळा गाडी चढवा, दहा वेळा तेच वजन दाखवील. पण खोटे दाखवील. म्हणून शहाणा माणूस वाटेत दुसऱ्या एखाद्या काट्यावर गाडी तोलून घेतो, पावती खिशात घालतो आणि मग पुढे जातो.

मी तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. संख्याशास्त्राशी माझा संबंध निकालाच्या टक्केवारीपुरता. परंतु निवृत्तीनंतर मला कळले की शेतकऱ्याच्या या दोन शंकांना शास्त्रात रीतसर नावे आहेत. पहिलीला म्हणतात विश्वासार्हता आणि दुसरीला वैधता. शिवाय असेही कळले की मणाचा जसा काटा असतो तसा मनाचाही निघाला आहे, आणि त्याच्या बाबतीतही जगभरची शहाणी माणसे याच दोन शंका काढीत बसली आहेत.

त्याचे असे झाले. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता आमच्याच तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात तिला ‘सीएचओ मॅडम’ म्हणतात. मला मात्र ती अजून व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरच वाटते. एके दिवशी ती एक कागद घेऊन घरी आली.

“सर, याचं मराठी जरा बघता का? बायांना विचारायला गेलं की हसतात, नाहीतर गप्प बसतात.”

कागदावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत या या गोष्टींचा त्रास किती वेळा झाला, एवढेच विचारले होते. कशात रस न वाटणे, मन खचणे, झोपेची तक्रार, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा जिवाची तगमग होणे, आणि शेवटी, मेलेले बरे असा विचार. ‘मुळीच नाही’ला शून्य, ‘काही दिवस’ला १, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ला २, ‘जवळजवळ रोज’ला ३. सगळे मिळून जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्याहून वर गेली की माणसाला नैराश्याचा आजार असू शकेल असे समजून त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचे.

या प्रश्नावलीला पीएचक्यू-९ म्हणतात. अमेरिकेतले रॉबर्ट स्पिट्झर, कुर्ट क्रोएन्के आणि जॅनेट विल्यम्स ही तिची कर्ती मंडळी. २००१ साली त्यांनी तिची कसोटी प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती दुनियाभर फिरते आहे. तिचे पहिले दोन प्रश्न तर आपल्या दाराशीही आले आहेत. तीस वर्षांपुढच्या माणसांसाठी आशाताई जो ‘सी-बॅक’ नावाचा तपासणीचा फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला यांच्या पाठोपाठ मन रमण्याचे आणि मन खचण्याचे हे दोन प्रश्न आहेत.

खरे सांगायचे तर मी तो कागद हातात घेतला तो मराठीच्या प्रेमाने नव्हे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, दौंडला असते. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून दीड वर्ष आक्का डॉक्टरांच्या पायऱ्या चढत होती. कधी पोटात आग, कधी छातीत धडधड, कधी तळपायाला मुंग्या. रक्त तपासून झाले, लघवी तपासून झाली, सोनोग्राफी झाली. सगळे कागद ‘नॉर्मल’. घरात निकाल लागला होता की, वय झाले. कागदावरचे प्रश्न वाचता वाचता मला एकेका ओळीआड आक्काचा चेहरा दिसू लागला. म्हणून मी म्हणालो, “ठेव इथं. बघतो.”

बघायला लागलो आणि हसणाऱ्या बायांची बाजू मला पटली. पहिल्याच ओळीत ‘कामांमध्ये स्वारस्य अथवा आनंद न वाटणे’ असे लिहिले होते. स्वारस्य! हा शब्द मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिला, पण घरात एकदाही उच्चारल्याचे मला आठवत नाही. ज्या शब्दात कुणी रडत नाही त्या शब्दात दुःख विचारले, तर उत्तर यायचे कुठून? मग मी आणि माझी विद्यार्थिनी वही घेऊन बसलो. आमच्या भागातल्या बाया आणि बाप्ये मनाचे दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते आठवून आठवून लिहिले. जीव रमत नाही. जिवाला घोर लागलाय. मन उडालंय. काहीच गोड लागत नाही. उमेद राहिली नाही. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘करमत नाही’.

‘करमत नाही’ सापडले तेव्हा मला वाटले, जिंकले! असा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे वाटत नाही. परंतु माझी विद्यार्थिनी डोके हलवू लागली. म्हणाली, “सर, नव्या सुनेला सासरी करमत नाही. मुलगा होस्टेलवर गेला की आईला करमत नाही. शाळेला सुट्टी लागली की तुम्हालाही करमायचं नाही. हा शब्द टाकला तर सगळा गावच आजारी निघेल.” तिचे म्हणणे खरे होते. ‘स्वारस्य’चे जाळे इतके वर टांगलेले की त्यात मासाच येत नव्हता, ‘करमत नाही’चे इतके बारीक की त्यात गाळही येत होता. शेवटी आम्ही लिहिले : ‘पूर्वी ज्यात मन रमायचे त्यातही आता जीव रमत नाही, असे होते का?’ त्यातला ‘पूर्वी’ हा शब्द तिचा. माणूस स्वतःशी ताडून बघतो तेव्हा खरे बोलतो, असे ती म्हणाली, आणि मराठीच्या शिक्षकाने मान डोलावली.

‘टेन्शन’ या शब्दाचीही तीच गत. शिरूरच्या एस. टी. स्टँडवर उभे राहून ‘टेन्शन आहे का?’ असे विचारले तर दहावीच्या पोरापासून कंडक्टरपर्यंत सगळे ‘हो’ म्हणतील. मूळ प्रश्नावलीत लक्ष लागत नाही याचे उदाहरण म्हणून वर्तमानपत्र वाचणे आणि टेलिव्हिजन पाहणे दिले आहे. जिला अक्षरओळख नाही तिने काय सांगावे? एका बाईने आपण होऊन सांगितले, “तव्यावर भाकरी करपते, तरी ध्यानात येत नाही.” आम्ही ते लगेच वहीत उतरवले.

मग आले शरीराचे प्रश्न. तेथे भाषा सोपी, पण आमचा मुलूख आडवा येतो. ‘झोप लागत नाही?’ असे एका शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, “मॅडम, लाईट रात्री येते. उसाला पाणी कधी द्यायचं?” दुसऱ्याचे घर उसाच्या कडेला. शिरूर तालुक्यात बिबट्यांची दहशत किती आहे हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. तो म्हणाला, “दार लावलं तरी कान उघडे असतात.” आता या दोघांच्या नावावर तीन तीन गुण मांडायचे काय? कांदा काढून आलेल्या बाईला थकवा विचारला तर ती विचारणारीकडेच नवलाने बघते. श्रावणात भूक विचारावी तर निम्म्या घराला उपास. काट्यावर गाडीबरोबर चिखलाचेही वजन होते, तसे हे. ‘दोन आठवडे’ म्हटले की काही म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. ‘मागचे दोन बाजार’ म्हटले की झटकन हिशेब लागे.

आता तुम्ही म्हणाल, वहीत चार चांगले शब्द लिहिले म्हणजे काटा खरा झाला काय? मुळीच नाही. आम्ही केले ते पारावरचे काम. त्याला अभ्यास म्हणू नये. खरी कसोटी फार चिकाटीची असते, आणि ती समजून घेतली तेव्हा माझ्या मनात तिच्याविषयी आदर उत्पन्न झाला.

प्रथम दोन माणसे निरनिराळी बसून भाषांतर करतात. मग ज्याने मूळ कागद पाहिलेलाच नाही असा तिसरा माणूस त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो, आणि ते मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात. मी गंमत म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या एका मित्राला ‘जीव रमत नाही’चे इंग्रजी करायला बसवले. दोन कप चहा संपला, तरी ‘जीव’ कागदावर उतरेना. त्यानंतर थोड्या माणसांना प्रश्न विचारून, ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे उलट विचारतात. एवढे झाले की कागद काट्यावर चढतो.

पहिली शंका विश्वासार्हतेची. तिच्या तीन परीक्षा. एक, नऊही प्रश्न एकाच दिशेने ओढतात काय? नांगराला चार बैल जुंपले आणि त्यातला एक उलटा ओढू लागला, तर तो काढावा लागतो. ही ओढ मोजण्याचे गणित अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडले. दोन, तोच माणूस, तीच स्थिती. दोन दिवसांनी पुन्हा विचारले तर तेच उत्तर येते काय? तीन, दोघांनी वेगवेगळे विचारले तर दोघांची टिपणे जुळतात काय? नुसत्या योगायोगानेही काही टिपणे जुळतातच. तो योगायोग वजा करून खरी जुळणी किती ते काढण्याची रीत कोहेन यांनी १९६० साली दिली. शाळेत एकाच निबंधाला एका परीक्षकाने ४ आणि दुसऱ्याने ८ गुण दिलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे या तिसऱ्या परीक्षेचे महत्त्व मला निराळे सांगावे लागले नाही.

दुसरी शंका वैधतेची, आणि ती अवघड. कारण तिला दुसरा काटा लागतो. मनाच्या बाबतीत तो दुसरा काटा म्हणजे जाणता मानसोपचारतज्ज्ञ. त्याला कागदावरची बेरीज न दाखवता तो प्रत्येकाशी स्वतंत्रपणे सविस्तर बोलतो आणि आजार आहे की नाही ते ठरवतो. मग दोन्ही पावत्या शेजारी ठेवतात. २००१ सालच्या त्या अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या ६,००० रुग्णांनी कागद भरला होता आणि त्यातल्या ५८० जणांशी तज्ज्ञ बोलले होते. १० ही रेघ धरली तेव्हा आजार असलेल्या शंभरांपैकी ८८ कागदाने पकडले, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना कागदाने बरोबर सोडून दिले.

८८ टक्के म्हणजे विशेष प्राविण्य! मलाही आधी तसेच वाटले. पण जरा हिशेब करून पाहा. समजा, हजार वस्तीचे एक गाव आहे आणि त्यात ५० जणांना खरोखर हा आजार आहे. त्या ५० पैकी ४४ सापडतील, ६ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी शेकडा १२ प्रमाणे ११४ जणांवर कागद उगीच बोट ठेवील. म्हणजे एकूण १५८ जणांची नावे निघतील आणि त्यातले खरे आजारी फक्त ४४. दर चार नावांत जेमतेम एक! कागदाची बेरीज पाहून कुणाच्या कपाळावर शिक्का मारणारा माणूस चार वेळांतून तीन वेळा चुकेल. तो कागद निकाल देत नाही; कोणाजवळ आधी जाऊन बसावे एवढेच सुचवतो.

आणि ती १० ची रेघ तरी काही दगडावरची नाही. अमेरिकेत १० चालली म्हणून शिरूरला चालेलच असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आलेल्या माणसांवर अशा पाच निरनिराळ्या प्रश्नावल्या ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पाचांनाही आजारी आणि निरोगी यांतला फरक बऱ्यापैकी ओळखता आला. परंतु कागदाने निवडलेल्यांत खरे आजारी किती, या बाबतीत त्यांची मजल बेताचीच होती. पाण्याची पातळी जशी प्रत्येक धरणाची वेगळी, तशी ही रेघ प्रत्येक मुलखात, प्रत्येक भाषेत पुन्हा मोजून घ्यावी लागते. घोड नदी शेवटी भीमेलाच मिळते, पण शिरूरच्या पुलावरचे माप पाहून दौंडच्या पुराचा अंदाज कुणी बांधत नाही.

आता आक्काकडे येतो. माझ्या विद्यार्थिनीला घेऊन मी शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला असा दौंडला गेलो. आक्काने चहा टाकला. स्वयंपाकघरात सूनबाई होती, शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात आक्काच म्हणाली, “विचार गं पोरी, काय विचारायचंय ते. माझ्याकडं लपवण्यासारखं काय आहे?” प्रश्न झाले. उत्तरे भराभर आली. “छे गं, मला कसला आलाय त्रास? लेक चांगला, सून चांगली. देवाचं नाव घ्यायचं, दिवस ढकलायचा.” बेरीज झाली ४.

परत येताना विद्यार्थिनी गप्प होती. दोन दिवसांनी ती एकटीच पुन्हा गेली. मागच्या ओट्यावर आक्काबरोबर पावट्याच्या शेंगा सोलीत बसली. कागद काढला नाही. प्रश्न पाठ होते. सूनबाई बाजाराला गेली होती. तासाभरात बेरीज झाली १६.

एकच बाई, तेच प्रश्न, मध्ये दोन दिवस. एकदा ४ आणि एकदा १६. शास्त्राच्या पहिल्या परीक्षेत काटा सपशेल नापास म्हणायचा! पण मग खोटे कोण बोलले? आक्का बोलली नाही, कागदही बोलला नाही. भरल्या घरात लेकासुनेसमोर आपल्याला वाईट वाटते असे म्हणणे म्हणजे लेकासुनेला नाव ठेवणे, हे आमच्याकडच्या कुठल्याही आक्काला कळते. गाडीवर माणसे बसलेली असताना वजन करीत नाहीत ना? तसेच हे. फरक इतकाच, की तेथे माणसे बसली तर वजन वाढते आणि येथे कमी होते. म्हणून प्रश्न कुणी, कुठे आणि कुणासमोर विचारला हा प्रश्नाचाच भाग आहे. चांगले भाषांतर निम्मे काम करते. उरलेले निम्मे मागचा ओटा करतो.

पुढे पुण्याच्या एका सरकारी इस्पितळात मानसोपचाराच्या डॉक्टरांना आक्काला दाखवले. ते तिच्याशी बराच वेळ बोलले. कागदावरचा आकडा आम्ही आपण होऊन सांगितला नाही. तेवढी शास्त्राची शिस्त अंगी लागली होती. डॉक्टर म्हणाले, “हे नैराश्य आहे. आजार आहे, आणि बरा होणारा आहे.” पोटातली आग आणि तळपायाच्या मुंग्या याच घरच्या पाहुण्या होत्या. गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी तिच्याजवळ बसून मोकळेपणी बोलावे असे ठरले. चार महिन्यांनी त्याच ओट्यावर बेरीज आली ६. पाच गुणांचा उतार पडला तरी तो मोजण्याजोगा मानतात. हा तर दहाचा होता. पण मला आकड्याची गरज नव्हती. त्या दिवशी आक्का मला म्हणाली, “बाळ, किती वाळलास रे! सूनबाई जेवायला घालते का नाही?” दीड वर्षात प्रथमच ती दुसऱ्याच्या तब्येतीविषयी बोलली होती.

एका आक्कावरून काटा खरा ठरत नाही, हेही येथेच सांगतो. वैधतेसाठी शेकडो आक्का लागतात, आणि ज्यांना काहीही झालेले नाही अशाही तितक्याच, किंबहुना अधिक लागतात. माझी बहीण बरी झाली म्हणून मी या कागदाची जाहिरात करू लागलो, तर ती भक्ती होईल, कसोटी होणार नाही.

शेवटच्या, नवव्या प्रश्नाविषयी मुद्दाम निराळे लिहितो. मेलेले बरे असे वाटते का, किंवा जिवाला काही करून घ्यावेसे वाटते का, असा तो प्रश्न. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी “देवा, आता ने रे बाबा” हे सकाळच्या चहासारखे असते. त्यात भक्ती असते, थोडी कुरकुर असते, कधी सुनेला ऐकवायचेही असते. याच शब्दांत कधी खरी हाकही असते. दोन्हींतला फरक कागदाला कळत नाही. समोर बसलेल्या माणसाला कळू शकतो, तोही त्याने थांबून पुढचे विचारले तर. पुष्कळांना भीती वाटते की, असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल. आजवरच्या संशोधनात विचारण्याने असे विचार वाढतात असे दिसून आलेले नाही. उलट, कुणी विचारले म्हणून माणसाला ओझे खाली ठेवता येते. आक्काला हा प्रश्न विचारला तेव्हा ती आधी रागावली. “असं विचारतं का गं कुणी?” म्हणाली. मग बराच वेळ शेंगा सोलीत राहिली, आणि म्हणाली, “विचारलंस ते बरं केलंस.”

माझ्या विद्यार्थिनीचा एक नियम आहे. ज्या दिवशी पुढे काय करायचे ते ठरलेले नसेल, डॉक्टरांचा फोन लागत नसेल, घरातले एखादे भरवशाचे माणूस माहीत नसेल, त्या दिवशी ती हा कागद पिशवीतून काढीतच नाही. आणि नवव्या प्रश्नाला एक जरी गुण पडला, तरी ती बेरजेची वाट बघत नाही. त्या माणसाला एकटे न सोडता मदतीपर्यंत पोचवते. मला हा नियम सगळ्या संख्याशास्त्राहून मोलाचा वाटतो. जे ऐकून घ्यायची आपली तयारी नाही ते विचारू नये.

कारण विचारल्यानंतर काही घडले तरच त्या विचारण्याला अर्थ आहे. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये पाहिली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यात दिसले की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नाही. परंतु विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघरी बोलली, समजावले, गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेले. तेथे याच नऊ प्रश्नांच्या कागदाने मोजमाप केले होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरांत चारच्या आसपास होते, ते २७ वर गेले. २०१७ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. काटा तोच, पण त्याच्या पुढे रस्ता बांधलेला होता.

आता तर फोनही आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सुरू केले. १४४१६ हा क्रमांक फिरवला की पैसे न पडता मराठीतही बोलता येते. घरातल्या कॅलेंडरवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी हाही लिहून ठेवावा.

वाचकहो, तुमच्या हातात नऊ प्रश्नांचा कागद नसेल आणि तो असण्याची गरजही नाही. पण या दिवाळीत तुम्ही चार घरी फराळाला जाल. एखाद्या घरी काकू ताट पुढे करतील, आणि “तुम्ही घ्या ना,” असे म्हटले तर सहज बोलून जातील, “नको रे, हल्ली मला काहीच गोड लागत नाही.” ‘शुगर वाढली असेल’ असे म्हणून आपण दुसरी करंजी उचलतो. तेवढी जरा खाली ठेवा. बाकीची मंडळी फटाके बघायला बाहेर गेली की विचारा, “कधीपासून?” आणि मग घाई करू नका.